वरची बाजू

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते अदेरितोकाका माझ्या मावशीचे यजमान. मला कळायला लागल्यापासून त्यांनी एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नाही. मुळात त्यांना सांगायचीच सवय नाही. ही गोष्टसुद्धा मी त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतली आहे. यातला एक भाग मी स्वतः पाहिला आहे.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. जे घडलं ते सगळं दिवसाउजेडी घडलं. पण आमच्याकडच्या तळघरांत दिवसही रात्रीसारखाच असतो.

जागा गाया या गावाची. पोर्तो शहराच्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावर. उतारावर पोर्ट वाईनची जुनी कोठारं एकाला एक टेकून उभी आहेत. हिवाळ्यात नदीवरचं धुकं सकाळी वर चढतं आणि दुपारपर्यंत कौलांवरून उतरत नाही. अशाच एका लहान घराण्याच्या कोठारात काका जुन्या बाटल्यांचं बघतात. आयुष्यभर तेच काम.

साल उत्तम निघालं की ती वाईन बाटल्यांत भरून आडवी निजवतात. वीस वर्षं, तीस वर्षं. तेवढ्या काळात बाटलीच्या खालच्या अंगाला साका धरतो, भाताच्या करपीसारखा. तो मोडला की वाईन गढूळ झालीच म्हणून समजा. म्हणून निजवताना बाटलीच्या वरच्या अंगावर चुन्याचा एक पट्टा ओढतात. पुढे कधी बाटली दुसरीकडे हलवायची वेळ आली, तर पट्टा वर ठेवूनच निजवायची.

पट्ट्याचा अर्थ एवढाच. ही बाजू वर.

हर्मिनियामावशी लग्नाआधीपासून त्याच कोठारात बाटल्या भरण्याच्या कामावर होती. चुन्याचा कुंचला बहुतेक तिच्याच हातात असायचा. ती डावखुरी. बाकीच्या बायकांचा पट्टा सरळ यायचा, हिचा शेवटी वळायचा. माशाच्या गळासारखा आकडा. कोठारात कुठलीही जुनी बाटली उचलली तरी काका सांगू शकत, ही हर्मिनियाच्या हातची.

मुकादम एकदा तिला म्हणाला होता, बाई, पट्टा ओढा, नक्षी काढू नका.

"खूण बाटलीसाठी नसते," मावशीनं त्याला ऐकवलं होतं. "आपण कसे निजलोय ते बाटलीला ठाऊक असतं. खूण हलवणाऱ्यासाठी असते. त्याला दिसली म्हणजे झालं."

माझी मावसबहीण ओलिव्हिया ज्या साली जन्मली ते साल उत्तम निघालं. घराण्यानं कामावरच्या माणसांना त्या सालच्या थोड्या बाटल्या दिल्या. मावशीनं आपल्या वाट्याच्या बाटल्यांवर स्वतः पट्टे ओढले, काकांनी कोठाराच्या एका कोनाड्यात त्या निजवल्या. ओलिव्हियाच्या लग्नाच्या जेवणात उघडायच्या, असं तेव्हाच ठरलं. पोरगी दोन वर्षांचीही नव्हती.

लग्न ठरलं तेव्हा मावशी इस्पितळात होती. लग्न फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी. तोवर आपण नसणार, हे तिला कळलं होतं. तिनं काकांकडून एकच वचन घेतलं.

"वाईन तुझ्या हातानं वाढ. दुसऱ्या कोणाच्या हातात बाटली द्यायची नाही." मग हसून म्हणाली, "आणि गढूळ वाढलीस, तर मी उठून येईन, सांगून ठेवते."

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला गल्लोगल्ली चेस्टनट भाजत होते, त्या आठवड्यात ती गेली.

काका रडले नाहीत. दफन झालं, माणसं जेवून गेली, आणि दोन दिवसांनी काका कामावर हजर झाले. ओलिव्हिया म्हणायची, बाबांसमोर सूप ठेवलं तर पितात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. मी भेटायला गेलो की ते माझ्याकडे बघत. बघत म्हणजे डोळे माझ्या दिशेला असत, इतकंच.

त्याच दिवसांत कोनाड्यावरच्या छपराला गळती लागली. तिथल्या बाटल्या हलवणं भाग होतं. काकांनी त्या आतल्या, कोरड्या कोनाड्यात नेल्या. एकट्यानं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

जानेवारीत ते दिवा घेऊन बघायला गेले.

एकाही बाटलीवर पट्टा दिसेना...

त्यांनी वाकून, दिवा खाली धरून पाहिलं. पट्टे होते. पण खाली. सगळ्या बाटल्या त्यांनी पालथ्या निजवल्या होत्या.

उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. आमच्याकडे नवशिक्याच्या हातून असं झालं, तर त्याला पुन्हा कोठारात पाऊल ठेवू देत नाहीत. साका सुटून आत सगळीकडे फिरला असणार. आता पुन्हा उलटवल्या तर आणखी ढवळणार. आणि लग्न तोंडावर आलेलं.

त्यांनी बेल्मिरोला बोलावलं. बेल्मिरो कोठारातला पिंपं दुरुस्त करणारा. तोंडाचा फटकळ, पण काकांचा जुना मित्र. त्यानं वाकून बघितलं, कपाळावर हात मारला.

"अदेरितो, बाटल्या निजवल्यास की अंड्यांवर कोंबड्या बसवल्यास?"

काका दिवा खाली धरून पट्टे मोजत राहिले. मग बेल्मिरोही गंभीर झाला. बराच वेळ विचार करून दोघांनी ठरवलं, आता हात लावायचा नाही. आहेत तशाच राहू द्यायच्या. साका नव्या बाजूला जेवढा बसेल तेवढा बसेल. फक्त आता जी बाजू वर आली आहे तिच्यावर नवा पट्टा ओढायचा, म्हणजे पुन्हा चूक नको. दुसऱ्या दिवशी काका चुना कालवून आणणार होते.

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं, काका?" मी नंतर विचारलं होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा आणि कुंचला घेऊन खाली गेले. धुकं दारापर्यंत आलं होतं. आतल्या कोनाड्याशी पोचले, दिवा वर धरला...

पट्टे ओढलेले होते.

प्रत्येक बाटलीवर. वरच्या बाजूला.

काकांनी एकावर बोट टेकवलं. बोट पांढरं झालं.

चुना ओला होता.

बाटल्यांवर तोवर बारीक धूळ बसली होती. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना ती जशीच्या तशी होती. कुठे बोट लागलेलं नाही, कुठे बाही घासलेली नाही. आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी एक वळण होतं.

गळासारखा आकडा.

काकांनी आपल्या हातातला डबा बघितला. झाकण अजून उघडलेलंही नव्हतं.

वर येऊन त्यांनी बेल्मिरोला विचारलं, तू केलंस का. बेल्मिरो म्हणाला, माझ्या घराचं फाटक रंगवायचं म्हणून बायको दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, ते सोडून मी तुझ्या बाटल्या रंगवीन काय. मग तो खाली जाऊन बघून आला. आल्यावर त्यानं थट्टा केली नाही. टोपी काढून हातात धरली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. काका तळघरात एकटे होते. वर माणसं कामं करत होती, रस्त्यावर गाड्या चालू होत्या. त्यातलं खाली काही ऐकू येत नाही.

पलीकडच्या रांगेतून आवाज आला.

सप्...

मग शांतता. श्वास घेऊन सोडावा, तेवढी.

सप्...

हा आवाज काकांना झोपेतही ओळखू आला असता. ओला कुंचला ओढल्याचा. बाटल्या भरण्याच्या दालनात तो दिवसभर चालायचा. सप्, आणि लगेच खळ्. कुंचल्याचा एक आवाज, मग बाटली खाली ठेवल्याचा एक. सप्, खळ्. सप्, खळ्. त्या तालावर बायका गाणी म्हणायच्या.

इथे नुसतं सप् होतं.

खळ् नव्हतं...

काका ऐकत उभे राहिले. कुंचला चालत होता, पण काच कुठेच वाजत नव्हती. म्हणजे ज्याच्यावर पट्टा ओढला जात होता, ती बाटली नव्हती.

ते रांगेला वळसा घालून गेले. कोणी नव्हतं. जमीन कोरडी. हवेत ताज्या चुन्याचा वास.

आवाज थांबला होता.

ते वर आले. बेल्मिरो दारात बसून भाकरीबरोबर सॉसेज खात होता. त्यानं वर बघितलं आणि घास तसाच ठेवला.

"छातीवर काय सांडून घेतलंस?"

काकांनी खाली पाहिलं. निळ्या कोटावर, गळ्याच्या हाडापासून छातीपर्यंत, एक पांढरा पट्टा.

ओला. शेवटी आकडा असलेला.

बेल्मिरो उठला, खिशातला रुमाल काढून पुसायला लागला. पुसता पुसता थांबला. दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं. माणूस आडवा निजवला, की छाती वर येते.

ही बाजू वर.

"घाबरू नकोस," बेल्मिरो म्हणाला. "अरे, ती जपायला सांगत असेल. नीट धरा, धक्का लावू नका."

"असेल," काका म्हणाले. "पण खूण आधी करतात. हलवतात नंतर."

मी विचारलं, तेव्हा तरी भीती वाटली का. काकांनी खरंच आठवून पाहिलं. मग मान हलवली. नाही. आपली पाळी आली आहे हे त्यांना पटलं, आणि पटूनही आत काही हललं नाही. एकच हिशेब मनात होता. लग्नापर्यंत निघालं पाहिजे. वाईन आपल्या हातानं वाढली गेली पाहिजे. त्यापुढे जे होईल ते.

पट्टा रोज यायचा. पुसला तर जायचा. सकाळी कोट अंगात घालताना पुन्हा असायचा. काकांनी कोट बदलला. बदललेल्या कोटावरही आला. ओलिव्हिया चिडायची. "बाबा, सगळ्या गावाच्या भिंती काय तुम्हीच टेकून धरल्यात?" काका हो म्हणायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी बाटल्या वर आणल्या आणि उघडण्याआधी ठेवतात तशा उभ्या करून ठेवल्या.

आता मी पाहिलं ते.

चर्चमध्ये मी काकांच्या मागच्या बाकावर होतो. घरून निघताना ओलिव्हियानं त्यांचा काळा सूट ओल्या फडक्यानं स्वतः पुसला होता. तिला वेदीपर्यंत पोचवून ते परत वळले, तेव्हा त्यांच्या छातीवर पट्टा होता. अगदी स्पष्ट. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं मला कोपरानं ढोसलं. काकांनी काय लावून घेतलंय बघ, म्हणाली. नंतर तिला मी मावशीच्या आकड्याचं सांगितलं, तेव्हापासून ती यावर बोलत नाही.

जेवण जवळच्या आव्हिंतिश गावातल्या एका दालनात होतं. सूप झालं, भाजलेलं करडू झालं. चीज आणि अक्रोड आले तसे काका उठले. बाजूच्या टेबलावर मेणबत्ती लावली. बाटली उचलली.

जुनं बूच तुटतंच. तसं तेही तुटलं. तुकडे काढून त्यांनी बाटलीचं तोंड पुसलं, मान ज्योतीसमोर धरली आणि काचेच्या सुरईत वाईन ओतायला लागले. एका धारेत. मध्ये थांबायचं नसतं. मानेशी साका दिसला, की हात उचलायचा.

बेल्मिरो माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. "गढूळ येणार," तो पुटपुटला. "यायलाच हवी."

धार लाल होती. आरपार.

ज्योत तिच्यातून स्वच्छ दिसत होती. बाटली अर्धी झाली. पाव राहिली. साका मानेशी आलाच नाही... शेवटच्या थेंबापर्यंत नाही.

काकांनी रिकामी बाटली उजेडासमोर धरली. साका आत होता. एका अंगाला चिकटलेला, अखंड, कुठे तडासुद्धा नाही. जणू निजवल्या दिवसापासून ही बाटली कोणी हलवलीच नव्हती.

काकांनी आधी आपल्या पेल्यात घोटभर घेतली, चाखली, आणि सुरई डावीकडे दिली. रीतीप्रमाणे सुरई डावीकडेच फिरते. ओलिव्हियानं पेला भरून घेतला. प्यायली. "बाबा, आईच्या हातची," एवढंच म्हणाली.

मग वाजंत्री सुरू झाली. पहिला नाच बापलेकीचा. काका नाचणारे नव्हेत, पण नाचले. ओलिव्हियानं त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं होतं.

संगीत थांबलं. ती हसत नवऱ्याकडे गेली. काका जागेवर आले, खुर्ची ओढली, आणि सवयीनं छातीवरून हात फिरवला.

हात तसाच राहिला.

मीही पाहिलं. सूट काळा होता. स्वच्छ, कोरडा, काळा.

पट्टा नव्हता...

काकांनी कोट झटकून पाहिला. खाली जमिनीवर पाहिलं. मग त्यांनी सावकाश मान वर केली आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला, माणसांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या ओलिव्हियाकडे पाहिलं.

तिचा झगा पांढरा होता.

पांढऱ्यावर चुना दिसत नाही.

काकांचा धक्का लागून टेबलावरचा पेला खाली पडला. तो फुटल्याचा आवाज झाला, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून कोरा असलेला तो चेहरा कोरा राहिला नव्हता. मावशीच्या दफनाच्या दिवशी जे यायला हवं होतं ते सगळं आता एकदम आलं होतं.

ते घोळक्यातून वाट काढत गेले. टेबलावरचा नॅपकिन पाण्यात बुडवला आणि तिच्या झग्याची गळ्याजवळची जाळी पुसायला लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चढली. कोणी तरी हसलं.

"बाबा, पुरे," ओलिव्हिया हळूच म्हणाली. "सगळे बघतायत."

नवऱ्याची नोकरी लक्झेंबर्गला होती. आठवड्याभरात दोघं गेली. झगा तिनं सोबत नेला.

काकांनी पहिला फोन ती पोचली त्याच संध्याकाळी केला. मी तिथेच होतो. प्रवास कसा झाला ते त्यांनी विचारलं नाही. झगा सामानातून बाहेर काढ, म्हणाले. गळ्याच्या खालून हात फिरव. खरखरीत लागतं का सांग.

ती हसली असावी. फोनमधून तिचा आवाज मला ऐकू आला.

"बाबा, जाळीच आहे ती. जाळी खरखरीतच असते."

उन्हाळ्यात बातमी आली. ओलिव्हियाला दिवस गेले होते. गोडधोड वाटलं, बेल्मिरोनं कोठारात सगळ्यांना पाजली. काकाही प्यायले. पण त्यानंतर ते रोज फोन करायला लागले. कोठारात जाणं कमी झालं. आवाज पुन्हा आला का, असं मी बेल्मिरोला विचारलं. तो म्हणाला, मी खाली गेलो की शीळ घालत जातो.

परवा मी काकांकडे होतो, तेव्हा ओलिव्हियाचाच फोन आला. काळजीचं काही नाही, म्हणाली. जरा त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बाळ होईपर्यंत. अजिबात हलायचं नाही.

काकांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

मग त्यांनी विचारलं, "कशी निजतेस? कुशीवर?"

"नाही," ती म्हणाली. "उताणी."

काल मी त्यांना विमानतळावर सोडून आलो. बॅग लहान होती, उचलून ठेवताना उघडी राहिली म्हणून मी आत बघितलं. दोन शर्ट, दाढीचं सामान, तिच्यासाठी मक्याची भाकरी. आणि वर, पटकन हाताला यावा असा, घडी घालून ठेवलेला एक फडका.

ओला होता.